दोन डोळ्यांतला फरक

रत्नागिरीहून गणपतीपुळ्याकडे किनाऱ्याने निघाले की आरे-वारे लागते. दोन किनारे, मध्ये डोंगर आणि डोंगराच्या कुशीतून वळत जाणारा रस्ता. या जागेच्या फोटोत मात्र डोंगर आणि समुद्र एकाच कागदावर चिकटवल्यासारखे दिसतात. कॅमेऱ्याला डोळा एकच असतो.

दोन डोळे असूनही आपल्याला वस्तू एकच का दिसते, हा प्रश्न जुना आहे. 965 च्या सुमारास बसऱ्यात जन्मलेल्या आणि पुढे कैरोत राहिलेल्या इब्नुल हैसमने ‘किताब अल-मनाझिर’च्या तिसऱ्या खंडात तो प्रयोगाने तपासला. लाकडी फळीवर मेणाच्या छोट्या खुंट्या ठेवायच्या, एकीवर नजर रोखायची आणि बाकीच्यांपैकी कोणती दुहेरी दिसते ते पाहायचे. टॉलेमीने त्याच्याआधी असे प्रयोग केले होते. इब्नुल हैसमने ते पुढे नेले. त्याचा ग्रंथ लॅटिनमध्ये गेला आणि 1572 साली बाझेलमध्ये छापला गेला.

असे नाव सापडले की आपल्याकडे लगेच ‘सगळे शोध आमचेच’ असा सूर लागतो. दुसऱ्या बाजूलाही तोच सूर वेगळ्या ग्रंथांच्या नावाने लागतो. इतिहास तसा नाही. दोन डोळ्यांना दिसणाऱ्या चित्रांत थोडा फरक असतो आणि त्या फरकातूनच खोली जाणवते, हे 1838 साली इंग्लंडमध्ये चार्ल्स व्हीटस्टनने स्टीरिओस्कोप बनवून दाखवले. 1853 साली जर्मनीत विल्हेल्म रोलमनने दोन रंगांच्या रेषा आणि दोन रंगांच्या काचा वापरल्या. हाच अ‍ॅनाग्लिफ. 1960 च्या सुमारास अमेरिकेत बेला युलेशने संगणकाकडून नुसत्या ठिपक्यांची जोडचित्रे काढून घेतली. एका चित्रात काहीच ओळखू येत नाही, पण दोन्ही डोळ्यांनी मिळून पाहिले की आकार वर उठतो.

आता हे आरे-वाऱ्यावर लावून पाहू. फेब्रुवारी 2000 मध्ये ‘एंडेव्हर’ यानाने 11 दिवस रडारने पृथ्वीची उंची मोजली. एक अँटेना यानात होता, दुसरा 60 मीटर लांब दांड्याच्या टोकाला. म्हणजे तिथेही दोन डोळेच! ती उंचीची माहिती सर्वांसाठी खुली आहे. तिच्यावरून संगणकात डोंगराचा आकार उभा करता येतो. मोजमाप साधारण 30 मीटरच्या चौकोनांत आहे, म्हणून अरुंद रस्ता त्यात उमटत नाही. डोंगराचा उतार मात्र कळतो.

मग संगणकात दोन कॅमेरे ठेवायचे. आपल्या डोळ्यांत साधारण साडेसहा सेंटिमीटरच अंतर असते, त्यामुळे दूरच्या डोंगराची खोली प्रत्यक्षातही फारशी जाणवत नाही. छायाचित्रकारांचा ढोबळ नियम असा की, सर्वांत जवळची वस्तू जितकी लांब, त्याच्या तिसाव्या भागाइतके अंतर दोन कॅमेऱ्यांत ठेवावे. डोंगर तीन किलोमीटरवर असेल तर 100 मीटर. डाव्या चित्रातला लाल रंग घ्यायचा, उजव्यातले हिरवा आणि निळा, आणि दोन्ही एकावर एक ठेवायचे. डाव्या डोळ्यावर लाल, उजव्यावर निळसर-हिरवी काच लावली की डोंगर उठून येतो, थोडा खेळण्यातल्यासारखा. चलचित्र हवे असेल तर दोन्ही कॅमेरे एकत्र सरकवायचे. सेकंदाला 24 चौकटी धरल्या तर दहा सेकंदांसाठी 480 चित्रे काढावी लागतात.

यासाठी लागणारे ब्लेंडर हे सॉफ्टवेअर फुकट मिळते, आणि चष्मा रंगीत जिलेटिन कागदाचाही चालतो. रत्नागिरीतल्या उर्दू किंवा मराठी शाळेतल्या मुलांना हे करता येईल. इब्नुल हैसमच्या नावाने भाषणे पुष्कळ होतात. त्याने मात्र आपल्याआधीच्यांचे म्हणणे नुसते मान्य केले नाही, स्वतः फळी आणि मेण घेऊन तपासले. त्याचा वारसा सांगायचा असेल तर मुलांच्या हाती तपासण्याचे साधन द्यावे लागेल.