तीन टक्क्यांची सोळा वर्षे

आपल्या मंडळातील बहुतेक घरांत कोणी ना कोणी पेन्शनवर आहे. त्यामुळे रिझर्व्ह बँकेने रेपो दर बदलला अशी बातमी आली की आरतीनंतरच्या गप्पांत मुदत ठेवींचा विषय निघतोच. दर उतरला तर मुलाचे घरकर्ज स्वस्त होते आणि वडिलांच्या ठेवीवरचे व्याज घटते, म्हणजे एकाच घरात आनंद आणि नाराजी दोन्ही. हा दर ठरवतो कोण, आणि त्यावर हुकमत कोणाची, याचा इतिहास आम्ही वाचू लागलो, तेव्हा तो थेट आपल्या जुन्या प्रांतात येऊन पोचला.

बालाघाट तेव्हा मध्य प्रांत व वऱ्हाडात होते आणि राजधानी नागपूर होती. याच प्रांताच्या सेवेत १९२० साली चिंतामण द्वारकानाथ देशमुख हे तरुण आयसीएस अधिकारी रुजू झाले. जन्म १८९६ चा, महाडजवळच्या नाते गावचा. १९१२ च्या मॅट्रिकला मुंबई विद्यापीठात पहिले, संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती, पुढे केंब्रिजला वनस्पतिशास्त्र, आणि आयसीएसच्या परीक्षेतही पहिला नंबर. रायपूरकडे बंदोबस्त अधिकारी म्हणून त्यांनी जमीन महसुलाचे काम केले, मग नागपूरच्या सचिवालयात महसूल आणि अर्थखाते सांभाळले. (कालिदासाचे मेघदूतही त्यांनी मराठीत आणले. रामटेकच्या इतक्या जवळ राहिलेल्या माणसाने ते केले याचे आम्हाला नवल वाटत नाही.) १९३९ मध्ये ते रिझर्व्ह बँकेत गेले आणि ११ ऑगस्ट १९४३ रोजी तिचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले.

त्या काळी रेपो दर हा शब्द नव्हता, ‘बँक रेट’ होता. इतर बँकांना पैसे कमी पडले की त्या ज्या व्याजाने रिझर्व्ह बँकेकडून उसने घेत, तो हा दर. तो वाढवला की बँकांचे कर्ज महागते. मग व्यापारी कोठारात माल फार काळ दाबून ठेवत नाही, माल बाजारात येतो आणि भाव नरमतात. उतरवला तर उलट. बँकेच्या दृष्टीने वर्षाचे दोन हंगामही ठरलेले असत. दिवाळीनंतर पीक निघाले की खरेदीसाठी रोकड लागते, तो तेजीचा हंगाम. पावसाळ्याकडे पैसा परत येतो, तो मंदीचा. धानाच्या जिल्ह्यात राहणाऱ्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको.

रिझर्व्ह बँक १ एप्रिल १९३५ रोजी सुरू झाली. पहिला बँक रेट होता साडेतीन टक्के. त्याच वर्षी नोव्हेंबरात तो तीन टक्के झाला. पहिले गव्हर्नर ऑस्बोर्न स्मिथ यांचे व्याजदर आणि रुपयाचा विनिमय दर यांवरून सरकारचे अर्थसदस्य सर जेम्स ग्रिग यांच्याशी पटेना, आणि १९३७ साली त्यांना पद सोडावे लागले. बँक सुरू होऊन पुरती अडीच वर्षेही झाली नव्हती!

त्यानंतर दर तीन टक्क्यांवर जो थांबला तो १९५१ पर्यंत. म्हणजे महायुद्ध, बंगालचा दुष्काळ, फाळणी, स्वातंत्र्य, आणि देशमुखांची गव्हर्नरपदाची सगळी वर्षे त्याच एका आकड्यावर गेली. युद्धात ब्रिटिश सरकार इथून माल आणि मनुष्यबळ घेई आणि त्याचे पैसे लंडनमध्ये पौंडांत जमा करी. त्या पौंडांच्या तारणावर रिझर्व्ह बँक इथे नोटा छापी. चलनातल्या नोटा युद्धकाळात सहा पटींच्या आसपास वाढल्या, माल मात्र वाढला नाही. मग महागाई कशी टळणार? बँकांकडे पैसा इतका तुंबलेला होता की त्यांना रिझर्व्ह बँकेच्या दाराशी यायची गरजच उरली नव्हती. दर वाढवून उपयोग थोडा होता. शिवाय सरकारला युद्धासाठी स्वस्त कर्ज हवे होते. बाजारातला पैसा शोषून घेण्यासाठी सोने विकण्यात आले, १९४६ च्या जानेवारीत मोठ्या नोटा रद्द झाल्या. पण मूळ नळ लंडनच्या हातात होता. देशमुखांना त्यासाठी दोष देणे आम्हाला अन्यायाचे वाटते. मात्र आपला माणूस म्हणून त्यांनी महागाई रोखली असे लिहिणेही खरे होणार नाही.

१ जानेवारी १९४९ रोजी बँक सरकारी मालकीची झाली. देशमुख १९५० मध्ये केंद्रात अर्थमंत्री झाले, म्हणजे टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसले. कोरियाच्या युद्धाने भाव पुन्हा भडकले होते. अखेर नोव्हेंबर १९५१ मध्ये, गव्हर्नर बेनेगल रामा राव यांच्या काळात, बँक रेट साडेतीन टक्के झाला. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की सरकारी रोखे कोणीही आणले की ते विकत घेऊन रोकड देण्याची पद्धत बँकेने आवरती घेतली. तोवर हा मागचा दरवाजा उघडा असल्याने पुढच्या दाराचा दर नावापुरताच होता. सरकारचे कर्ज महाग होणार हे ठाऊक असून अर्थमंत्र्याने याला वाट दिली. आम्हाला देशमुखांच्या कारकिर्दीतली ही मोठी गोष्ट वाटते, तिची चर्चा मात्र कमी होते.

अर्थात खेड्यात या अर्ध्या टक्क्याला कोण विचारतो! आपल्याकडे बियाण्याला धान नेले की पिकावर सवाई द्यायची, म्हणजे एका हंगामात चौथा हिस्सा जास्त. १९५१-५२ च्या ग्रामीण पतपाहणीत दिसले की शेतकऱ्याच्या कर्जातला सुमारे ७० टक्के भाग सावकारांचा आणि सहकारी संस्थांचा फक्त ३ टक्क्यांच्या आसपास. या पाहणीच्या समितीवर धनंजयराव गाडगीळ होते.

१९५६ च्या जुलैत मुंबईच्या प्रश्नावर देशमुखांनी मंत्रिपद सोडले. १ नोव्हेंबरला नवी राज्ये झाली. नागपूर-विदर्भ मुंबई राज्यात गेले, बालाघाट भोपाळकडे आले. आपल्या कितीतरी घरांचे सोयरे त्या दिवसापासून दुसऱ्या राज्यात आहेत. तिकडे दिल्लीत नवे अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांनी हुंड्यांवरचे मुद्रांक शुल्क वाढवले. हा आडमार्गाने व्याजदर वाढवणेच आहे, असा रामा राव यांचा आक्षेप होता. पंतप्रधान नेहरूंनी अर्थमंत्र्यांची बाजू घेतली आणि जानेवारी १९५७ मध्ये रामा राव राजीनामा देऊन गेले. त्याच मे महिन्यात बँक रेट चार टक्के झाला.

हा वाद कायद्याने मार्गी लागायला २०१६ उजाडले. आता सहा जणांची समिती रेपो दर ठरवते, तीन बँकेचे आणि तीन सरकारने नेमलेले. मते समसमान पडली तर गव्हर्नरांचे मत निर्णायक. महागाईचे लक्ष्य बँकेशी सल्लामसलत करून सरकार देते, ४ टक्के, खाली २ आणि वर ६ पर्यंत सूट. सलग तीन तिमाही ते हुकले तर बँकेने सरकारला लेखी कारणे द्यायची. तशी वेळ २०२२ मध्ये आलीही.

बैठकीनंतर चौदाव्या दिवशी इतिवृत्त प्रसिद्ध होते. कोणी कोणत्या बाजूने मत दिले आणि का, हे त्यात नावानिशी असते. मंडळातील निवृत्त मंडळींनी ते एकदा डोळ्यांखालून घालावे. भाषा रुक्ष आहे, पण ठेवीची मुदत संपत आली असेल तर कंटाळा येत नाही.