सातबाऱ्यावरचे नाव आणि घरकुलाची यादी

बारामती-इंदापूर भागात ग्रामसभेत घरकुलांच्या यादीचा विषय निघाला की बौद्धवस्तीकडे बोट दाखवून एक वाक्य हमखास उच्चारले जाते : 'यांच्या नावावर जमीन आहे, मग यांना सरकारी घर कशाला?' वाक्य साधे आहे आणि वरकरणी न्यायाचेही वाटते. ज्याच्याकडे मालमत्ता आहे त्याने निराधाराच्या ताटातले ओढू नये, हे कोण नाकारील? परंतु ही मालमत्ता कोणती, ती कशी मिळाली आणि तिच्यावर खरोखर ताबा कुणाचा, हे प्रश्न त्या सभेत कुणी विचारीत नाही. त्यांची उत्तरे महार वतनाच्या इतिहासात आहेत.

वतन हा शब्द ऐकला की पाटील-देशमुखांचा वाडा डोळ्यांपुढे येतो. महाराचे वतन ही निराळीच वस्तू होती. 1874 च्या वंशपरंपरागत वतनांच्या कायद्याने त्याला गावकामगार म्हणून बांधून ठेवले. सरकारी सारा पोचविणे, दवंडी देणे, वेशीची राखण करणे, आलेल्या अंमलदाराची सरबराई करणे ही कामे रात्रंदिवस त्याच्याकडे. मोबदला म्हणून थोडी इनाम जमीन आणि दारोदार मागून आणायचे बलुते. ही जमीन विकता येत नसे आणि सेवा नाकारली तर ती हातची जाण्याची धास्ती असे. म्हणजे कागदावर वतनदार आणि व्यवहारात वेठबिगार. 'मालक' असणे आणि भाकरीसाठी दारात उभे राहणे या दोन गोष्टी एकाच माणसाच्या वाट्याला येण्याची रीत येथूनच सुरू होते.

बाबासाहेबांनी हे मर्म अचूक ओळखले होते. 'बहिष्कृत भारत'मधून त्यांनी वतनाची चिकित्सा केली आणि 1928 साली मुंबई कायदेमंडळात दुरुस्तीचे विधेयक मांडले. महाराने पूर्ण सारा भरावा, जमीन रयतावा करून घ्यावी आणि सेवेतून मोकळे व्हावे, हा त्याचा गाभा. 1929 मध्ये ते विधेयक मागे घ्यावे लागले. 1939 साली नगर जिल्ह्यातील हरेगावच्या परिषदेत हाच प्रश्न पुन्हा गाजला. वतन गेले ते स्वातंत्र्यानंतर, 1958 च्या कनिष्ठ गाववतने निर्मूलन कायद्याने.

या कायद्याची एक बाजू आपण अभिमानाने सांगतो, दुसरी मात्र वाचीतच नाही. वतन खालसा झाले, सेवा संपली आणि आकाराच्या तिप्पट, काही जमिनींच्या बाबतीत सहापट, रक्कम भरून जमीन जुन्या वतनदारांना परत देण्याची तरतूद झाली. ही गुलामीची कायदेशीर अखेर होती, यात शंका नाही. पण परत मिळालेली जमीन नव्या शर्तीची होती. कलेक्टरच्या परवानगीवाचून आणि ठरेल ती रक्कम भरल्यावाचून ती विकता येत नाही, हे बहुतेकांना ठाऊक असते. तिची सरस-निरस मोजून वाटणीही त्या परवानगीवाचून करता येत नाही, हे फार थोड्यांना ठाऊक असते. विक्रीवरील बंधनाने काही जमिनी सावकाराच्या घशातून वाचल्या असतील. वाटणीवरील बंधनाने मात्र एक वेगळाच परिणाम घडविला.

समजा, एका गावात चार एकरांचे महार वतन होते आणि रीग्रँटच्या फेरफारात आठ नावे लागली. तिसऱ्या पिढीत वारसनोंदींनी त्यांची चौसष्ट झाली, तर 160 गुंठ्यांतून एकेकाच्या वाट्याला अडीच गुंठे येतात. तेही कुठल्या बांधाला, हे कुणी दाखवू शकत नाही. कारण खाते समाईक. उताऱ्यावर मात्र प्रत्येकाच्या नावापुढे जणू ती सारी जमीन उभी असते.

आता पाणी पाहू. 1876-77 च्या दुष्काळानंतर नीरेचा डावा कालवा खोदला गेला आणि 1885 च्या सुमारास पाणी या कोरड्या मुलखात आले. पुढे ऊस आला, 1930 नंतर वालचंदनगर उभे राहिले, 1955 नंतर सहकारी कारखाने आले. परंतु उसाला बैल, खत, पाणीपट्टी आणि वर्षभर थांबण्याची ऐपत लागते. गावकीत राबणाऱ्याकडे ती नव्हती. कालव्याने जमिनीची किंमत वाढविली; वतनदाराची ऐपत वाढविली नाही. अशा स्थितीत खंडाने किंवा वाट्याने जमीन दुसऱ्याच्या औताखाली जाते, हे शेतीचे साधे अर्थशास्त्र आहे. नमुना सातवर नाव एकाचे आणि नमुना बाराचे पीक दुसऱ्याच्या घरात, ही विसंगती त्यातूनच येते.

याच इंदापूर तालुक्यात दुसरे एक उदाहरण आहे. कारखान्यांनी शेतकऱ्यांकडून खंडाने घेतलेली जमीन 1961 च्या कमाल जमीनधारणा कायद्याने शासनाकडे आली आणि 1963 साली शेती महामंडळ स्थापन झाले. वालचंदनगर आणि रत्नपुरीचे मळे त्यातलेच. 1964 च्या डिसेंबरात दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांचा देशव्यापी सत्याग्रह उभा राहिला, लाखो लोक तुरुंगात गेले; तरी हे मळे भूमिहीनांना वाटले गेले नाहीत. मूळ खंडकऱ्यांना मात्र 2012 नंतर जमिनी परत मिळू लागल्या. खंडकऱ्यांच्या हक्काला आमचा विरोध नाही. प्रश्न एवढाच की, पिढ्यान् पिढ्या ताबा नसतानाही कागदावरच्या नावाने एकाला जमीन मिळते आणि त्याच कागदावरच्या नावाने दुसऱ्याचे घरकुल अडते, हे कसे?

कारण योजनांचे मोजमाप तसे होते. 2002 च्या दारिद्र्यरेषेच्या पाहणीत तेरा प्रश्न होते आणि प्रत्येकाला शून्य ते चार गुण. जितके गुण कमी तितके दारिद्र्य अधिक. पहिला प्रश्न जमिनीचा, दुसरा घराचा. पहिला प्रश्न खरे तर वहिवाटीखालील जमिनीचा होता. पण ज्याचे नाव तोच कसणारा असे गृहीत धरले की समाईक खातेदार शून्यावरून वर सरकत असे. आणि इंदिरा आवासचे पक्के घर आधीच मिळाले असेल तर दुसऱ्या प्रश्नाचे तीन गुण वेगळेच. शासनाने दिलेले छप्परच गरिबाला गरिबांच्या यादीतून बाहेर ढकलण्यास मदत करीत असे! 2004 साली दादासाहेबांच्याच नावाने सबळीकरण योजना आली : अनुसूचित जाती व नवबौद्ध भूमिहीनांना चार एकर जिरायत किंवा दोन एकर बागायत. अट भूमिहीन असल्याच्या दाखल्याची. अडीच गुंठ्यांचा नाममात्र धनी तेथेही अडतो.

कुणी म्हणेल, रस्त्याकडेची वतनजमीन साठेखताने विकून पैसे घेणारे आणि शिवाय घरकुल लाटणारे आपल्यात नाहीत काय? असतील तर त्यांची बाजू घेण्याचे कारण नाही. ज्याच्याकडे खरी मालमत्ता आहे त्याने घेतलेले घर शेजारच्या परित्यक्तेचे असते. परंतु त्याला हुडकायचे तर हिश्श्याचे आणि ताब्याचे मोजमाप करावे लागेल. नुसते नाव पाहून तो सापडणार नाही, उलट निर्दोष मारला जाईल.

म्हणून कार्यकर्त्यांनी गावोगाव काही कामे हाती घ्यावीत. रीग्रँटचे फेरफार काढावेत. प्रत्येक समाईक खात्याची आणेवारी लावून घ्यावी. कसतो कोण याची पीकपाहणीच्या वेळी हजर राहून नोंद करून घ्यावी. वाटणीच्या परवानगीचे अर्ज एकेकट्याने न करता साऱ्या खातेदारांनी मिळून करावेत. आणि ग्रामसभेत ठराव मांडावा की, घरकुलासाठी व भूमिहीनतेच्या दाखल्यासाठी खात्याचे एकूण क्षेत्र न धरता अर्जदाराचा प्रत्यक्ष हिस्सा धरावा. शिक्षक व विद्यार्थ्यांना उतारा वाचता येतो. त्यांनी तो वस्तीत बसून वाचून दाखवावा. आपल्या नावापुढे नेमके किती गुंठे आहेत, हे ज्याला ठाऊक आहे, त्याला ग्रामसभेतल्या त्या वाक्याचे उत्तर देता येईल.