वर्षाला एक पैसा आणि आठ दिवसांची परदेशवारी

मित्रांनो, पोस्ट जरा मोठी आहे. पण ज्यांची पोरं पुण्यात एमबीए-बीबीए करतात, त्यांनी शेवटपर्यंत वाचा.

गेल्या आठवड्यात सणसवाडीत चहाच्या टपरीवर एक ओळखीचे शेतकरी भेटले. खिशातून घडी घातलेला कागद काढला आणि म्हणाले, "पत्रकार, हे जरा वाचून सांगा." मुलाच्या कॉलेजची नोटीस होती. 'आंतरराष्ट्रीय औद्योगिक भेट'. आठ दिवस, टेक्नॉलॉजी कंपन्यांना भेटी, सोबत शहरदर्शन. खर्च दीड लाखाच्या वर. "कांद्याला भाव नाही, सोसायटीचं कर्ज डोक्यावर. पोरगं म्हणतंय सगळे चाललेत. पाठवू का नको?"

कॉलेजचं नाव लिहीत नाही, कारण प्रश्न एकट्या त्या कॉलेजचा नाही. मला तिथं पटकन उत्तर देता आलं नाही. घरी आलो आणि जुनी पुस्तकं काढून बसलो.

परदेशात जाऊन उद्योग शिकायचा, हे आपल्याकडं नवं नाही. पुण्याचे केशव मल्हार भट १८८२ साली अमेरिकेत बोस्टनच्या एमआयटीत दाखल झाले. त्या संस्थेतले ते पहिले भारतीय विद्यार्थी मानले जातात. तेव्हा विमान नव्हतं. बोटीचा प्रवास, आणि समुद्र ओलांडला म्हणून परत आल्यावर प्रायश्चित्त घ्या म्हणणारा समाज.

पण खरी गोष्ट आहे तळेगावची. आपलं ढमढेऱ्यांचं नव्हे, दाभाड्यांचं तळेगाव. अंताजी दामोदर काळे नावाच्या गृहस्थांनी एक साधी कल्पना काढली. प्रत्येकानं वर्षाला फक्त एक पैसा द्यायचा आणि त्यातून देशी उद्योग उभा करायचा. तेव्हा रुपयाचे चौसष्ट पैसे होते, म्हणजे एक पैसा गरिबालाही जड नव्हता. हाच पैसा फंड. लोकमान्य टिळकांनी त्याला पाठबळ दिलं. कार्यकर्त्यांनी गावोगाव फिरून पैसा-पैसा जमवला आणि १९०८ साली तळेगावला काच कारखाना सुरू झाला. त्याच वर्षी टिळकांना सहा वर्षांची शिक्षा होऊन मंडालेला पाठवलं गेलं. कारखाना मात्र चालू राहिला.

आता काच करायची कुणाला येत होती? ईश्वरदास वार्ष्णेय यांना. गडी उत्तर हिंदुस्थानातला. आधी जपानमध्ये आणि मग एमआयटीत जाऊन काचेचं तंत्र शिकून आलेला. त्यांना तळेगावला आणलं. भट्टी पेटली, आणि भट्टीसोबत शाळाही सुरू झाली. पैसा फंडाचा कारखाना म्हणजे नुसत्या बाटल्या-चिमण्या काढणारी जागा नव्हती, तिथं मुलांना काम शिकवलं जायचं. तिथं तयार झालेली माणसं पुढं देशभरच्या काच कारखान्यांत गेली. म्हणजे परदेशात शिकला एक माणूस, आणि ती विद्या पोचली शेकडोंपर्यंत.

वार्ष्णेय जपानला का गेले असतील? कारण जपाननं स्वतः हेच करून दाखवलं होतं. १८७१ मध्ये इवाकुरा तोमोमी यांच्या पुढाकारात जपानी सरकारचं शिष्टमंडळ अमेरिका-युरोपच्या दौऱ्यावर निघालं. कारखाने, शाळा, टाकसाळी, रेल्वे बघत ते दीड वर्षाहून जास्त काळ फिरले. सोबत विद्यार्थी नेले आणि त्यातल्या बऱ्याच जणांना शिकायला तिथंच ठेवलं. परतल्यावर या दौऱ्याचा पाच खंडांचा वृत्तांत छापला. अभ्यास दौरा म्हणतात तो हा!

आपल्याकडं पुढचं मोठं नाव शंतनुराव किर्लोस्कर. वडील लक्ष्मणरावांनी १९१० साली औंध संस्थानात मिळालेल्या जागेवर किर्लोस्करवाडी वसवली होती. शंतनुराव १९२२ ला एमआयटीत गेले आणि १९२६ ला मेकॅनिकल इंजिनिअर होऊन परतले ते थेट त्या वाडीतल्या कारखान्यात. त्यांच्या घरचा कारखाना होता, हे खरं. पण चार वर्षं शिकले आणि ज्या कामासाठी शिकले तिथंच परत आले, हेही खरं.

ज्याच्या घरी कारखाना नाही त्याचं काय? याचं उत्तर आपल्या गावाशी जोडलेलं आहे. १ जानेवारी १९२७ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकर आपल्या इथल्या जयस्तंभाला मानवंदना द्यायला आले. हेच बाबासाहेब १९१३ साली महाराजा सयाजीरावांच्या बडोदा संस्थानाची शिष्यवृत्ती घेऊन कोलंबिया विद्यापीठात गेले होते. महिन्याला साडेअकरा पौंड, आणि अट अशी की परतल्यावर दहा वर्षं संस्थानाची नोकरी करायची. ते परतले, बडोद्यात रुजूही झाले. पण जातीमुळं त्यांना त्या शहरात राहायला जागा मिळाली नाही आणि नोकरी सोडून मुंबईला यावं लागलं. संस्थानानं पैसा दिला, समाजानं दार बंद केलं. तरी ती विद्या वाया गेली नाही. तिचं पुढं काय झालं ते राज्यघटनेत वाचायला मिळतं.

या सगळ्या गोष्टींत तीन गोष्टी सारख्या दिसतात. जाणाऱ्याला काय शिकायचंय ते ठाऊक होतं. शिकायला पुरेसा वेळ होता. आणि परतल्यावर त्या शिक्षणाचं काय करायचं, हे जाण्याआधी ठरलेलं होतं. बडोद्याच्या शिष्यवृत्तीत तर ते करारातच लिहिलेलं होतं.

आता आठ दिवसांच्या सहलीला या तीन कसोट्या लावून बघा. कंपनीच्या बोर्डापुढं फोटो, एका हॉलमध्ये तासभर सादरीकरण, एक प्रमाणपत्र, की लगेच बसमध्ये. जग बघणं वाईट नाही, माझं तसं म्हणणंही नाही. ज्याला परवडतं त्यानं खुशाल जावं. पण सहलीला सहल म्हणा. शिक्षण म्हणून विकू नका, आणि बापाला कर्ज काढायला लावू नका.

अजून एक. कोरियाची एलजी, इटलीची फियाट, चीनची हायर, अमेरिकेची व्हर्लपूल या सगळ्या रांजणगावात आहेत. जॉन डिअरचे ट्रॅक्टर सणसवाडीत बनतात. परदेशी कंपनी बघायला आपल्या पोरांना नगर रोडनं एसटी पुरते. आपलीच पोरं तिथं कंत्राटी म्हणून गेटमधून आत जातात, पण कंपनी कशी चालते, माल कुठून येतो, भाव कसा ठरतो, हे त्यांना कुणी दाखवत नाही. कॉलेजांनी कंपन्यांशी बोलून महिनाभराचं काम मिळवून दिलं, तर ती आठ दिवसांच्या विमानवारीपेक्षा मोठी शिदोरी होईल.

त्या शेतकरी दादांना मी काल फोन केला. म्हणालो, कॉलेजला चार प्रश्न लेखी विचारा. कोणत्या कंपनीत किती तास? शिकवणार कोण? न गेलेल्या मुलाचे मार्क कापणार का? आणि दीड लाखाचा हिशेब काय? उत्तरं आली की पाठवायचं का नाही ते तुमचं तुम्हालाच कळेल.

ते हसले. "पत्रकार, हे चार प्रश्न पोरालाच विचारायला लावतो. तेवढं तरी शिकंल."

एक पैसा देणाऱ्या माणसालाही आपला पैसा कुठं गेला हे तळेगावात जाऊन बघता येत होतं. दीड लाख देणाऱ्याला तेवढा हक्क नको का? तुमच्याकडं अशी नोटीस आली असेल, तर अनुभव खाली लिहा. कॉलेजचं नाव नका टाकू, खर्च आणि दिवस तेवढे लिहा. आणि पोस्ट पटली तर पुढं पाठवा.