वऱ्हाडातील विद्यार्थी आणि दाता : माधुकरी ते श्रमदान

शिक्षणाचा इतिहास लिहिताना संस्था, अभ्यासक्रम व परीक्षा ह्यांची नोंद सहसा होते; विद्यार्थ्याच्या अन्नाची व निवाऱ्याची तजवीज कोणी आणि कोणत्या अटीवर केली, ह्याची नोंद क्वचितच होते. वस्तुतः शिक्षण कोणापर्यंत पोहोचले, हे पुष्कळदा ह्या दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरावरूनच ठरले. ह्या दृष्टीने पाहिल्यास वऱ्हाड-नागपूरच्या शिक्षणेतिहासात एक स्थित्यंतर आढळते. आणि १९३५ मध्ये तुकडोजी महाराजांनी अमरावती जिल्ह्यातील मोझरी येथे स्थापिलेल्या गुरुकुंज आश्रमाचे त्यातील स्थानही स्पष्ट होते.

जुन्या व्यवस्थेची साक्ष भाषेत टिकून आहे. ‘माधुकरी’ ह्या शब्दात फुलाफुलांतून थोडथोडा मध घेणाऱ्या भ्रमराची कल्पना आहे. ‘वार लावून जेवणे’ ह्या प्रयोगात आठवड्याचा एकेक दिवस एकेका घराने पत्करल्याचा उल्लेख आहे. दोन्ही पद्धतींत दाता व विद्यार्थी समोरासमोर असत, आणि कोणा एका घरावर फार भार पडत नसे. परंतु पंक्तीचा प्रश्न आला की जातीचा प्रश्न आलाच. ज्याचे अन्न-पाणी दात्याच्या घरात चालत नसे, त्याला वार मिळण्याचा संभव नव्हता. पेशव्यांच्या दक्षिणेचीही हीच मर्यादा होती. इंग्रजी अमदानीत त्या निधीचे रूपांतर होऊन ‘दक्षिणा फेलो’ हे पद निर्माण झाले. नाव जुनेच राहिले, पण पात्रतेचे प्रमाण बदलून परीक्षेतील गुणवत्ता हे झाले.

ख्रिस्ती मिशनांच्या शाळांनी ह्या मर्यादेपलीकडे पाऊल टाकले. विल्यम हिल नावाच्या लष्करी अधिकाऱ्याच्या देणगीमुळे स्कॉटलंडच्या फ्री चर्चला नागपुरात कार्य आरंभता आले. त्या कार्यासाठी स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये नागपुरास आले व पुढील वर्षी त्यांची शाळा सुरू झाली. १८६३ मध्ये ते निवर्तले; त्यांच्या नावाचे महाविद्यालय १८८३ मध्ये निघाले आणि १९२३ मध्ये नागपूर विद्यापीठ स्थापन झाल्यावर त्यास जोडले गेले. येथे दाता दूरदेशीचा होता व बहुधा विद्यार्थ्यास अपरिचित होता. जातीची अट गळून पडली. तिच्या जागी बायबलच्या पाठाची अट आली. बहुसंख्य विद्यार्थ्यांनी ती अट पाळली, पण धर्म स्वीकारला नाही. इंग्रजी शिक्षणासाठी दिलेले हे मूल्य पालकांनी जाणूनबुजून दिले, असेच म्हणावे लागते.

दूरच्या दात्याची अट किती नाजूक असते, हे पंडिता रमाबाईंच्या शारदासदनाच्या वृत्तांतावरून दिसते. १८८७ मध्ये बोस्टन येथे स्थापन झालेल्या रमाबाई असोसिएशनने दहा वर्षे साहाय्य देण्याचे पत्करले. धर्माच्या बाबतीत सदनाने तटस्थ राहावे, असा त्यात संकेत होता. सदन १८८९ मध्ये मुंबईत उघडले व पुढे पुण्यास गेले. १८९३ मध्ये तेथे धर्मांतराचा वाद उद्भवला तेव्हा पालकांनी अनेक मुली काढून नेल्या. देणगी चालू राहिली, पण विद्यार्थिनी गेल्या. धनाची हमी आणि समाजाचा विश्वास ह्या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत, हे ह्या प्रसंगाने दाखवून दिले.

विसाव्या शतकात एतद्देशीय दाता पुढे आला. कामठीचे रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण ह्यांनी नागपूर विद्यापीठास सुमारे ३५ लाख रुपये मृत्युपत्राने दिले; त्यातून १९४२ मध्ये लक्ष्मीनारायण तंत्रविद्या संस्था उभी राहिली. परंतु वऱ्हाडातील कुणब्याच्या मुलाची अडचण प्रयोगशाळेपूर्वीची होती. तालुक्याच्या गावी राहायचे कोठे, हा त्याचा पहिला प्रश्न होता. पंजाबराव देशमुखांनी १९२७ च्या सुमारास अमरावतीस काढलेले श्रद्धानंद छात्रालय हे ह्या प्रश्नाचे उत्तर होते. तेथे निरनिराळ्या जातींच्या मुलांची सोय एकत्र केली होती. १९३२ मध्ये स्थापन झालेल्या श्री शिवाजी शिक्षण संस्थेने हेच कार्य विस्तारले. साताऱ्यास भाऊराव पाटलांनी ह्याच काळात मुठीमुठीने धान्य गोळा करून वसतिगृह चालविले. लक्ष्मीबाईंचे दागिनेही त्यात खर्ची पडले. येथे माधुकरीचे तत्त्व परत आले, पण पंक्ती बदलली. धान्य अनेक घरांचे असले तरी चूल एक होती. त्यामुळे कोणत्याही एका घराला आपली अट घालता येईना.

गुरुकुंजाचे वैशिष्ट्य ह्यापुढील आहे. श्रीगुरुदेव सेवा मंडळाच्या शाखा गावोगाव पसरल्या, आणि सामुदायिक प्रार्थनेबरोबर ग्रामसफाई व श्रमदान हेही त्यांचे नित्याचे कार्य ठरले. ग्रामगीतेत ‘श्रमसंपत्ती’ व ‘जीवनशिक्षण’ असे स्वतंत्र अध्याय आहेत, ही केवळ योगायोगाची गोष्ट नव्हे. ज्याच्याजवळ पैसा नाही त्याच्याजवळ हात आहेत. म्हणून तोही दाता होऊ शकतो, हा त्यातील मूळ विचार आहे. ‘दान’ शब्दास ‘श्रम’ हे पद जोडले की दाता व याचक ही जोडी मोडते, आणि विद्यार्थी ह्या दोहोंच्या मधोमध उभा राहतो. त्याच जिल्ह्यातील शेंडगावी जन्मलेल्या गाडगेबाबांनी लोकांच्या पैशाने बांधलेली पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा १९४९ मध्ये डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली, तीही ह्याच विचाराची साक्ष होय.

तथापि ह्या व्यवस्थेचे दौर्बल्य झाकून चालणार नाही. मृत्युपत्रातील ठेवीचे व्याज दुष्काळातही मिळते. मुठीचे धान्य मात्र पिकावर, आणि पुष्कळदा ते मागणाऱ्या पुरुषाच्या पुण्याईवर अवलंबून असते. १९५६ मध्ये गाडगेबाबा, १९६५ मध्ये पंजाबराव आणि १९६८ मध्ये तुकडोजी महाराज निवर्तल्यावर त्यांच्या संस्थांना शासकीय अनुदान व शुल्क ह्यांचा अधिकाधिक आधार घ्यावा लागला, हे कालक्रमानुसारच झाले. अनुदानालाही अटी असतात. त्या नियमाच्या भाषेत लिहिलेल्या असल्यामुळे अट म्हणून जाणवत नाहीत, इतकेच.

सारांश, निरपेक्ष दान ही इतिहासात दुर्मिळ वस्तू आहे. प्रत्येक देणगीबरोबर विद्यार्थ्याकडून काहीतरी मागितले गेले : कधी जात, कधी पाठ, कधी श्रम. ह्यांपैकी जात जन्माने ठरलेली होती आणि पाठ दात्याच्या इच्छेचा होता. श्रम तेवढे विद्यार्थ्याला स्वतःच्या बळावर देता येण्यासारखे होते, आणि ते दिल्यावर त्याची मान खाली जात नव्हती. वऱ्हाडच्या शिक्षणेतिहासात मोझरीचे महत्त्व ह्या फरकात शोधले पाहिजे.