आंबट मद्य आणि अबकारी : ब्रुसेल्सची लँबिक व ओझरचे द्राक्ष

ब्रुसेल्स शहराच्या नैर्ऋत्येस, झेन नदीच्या खोऱ्यात, लँबिक नावाची बिअर पिढ्यान् पिढ्या तयार होत आली आहे. ही बिअर पिंपात असताना तीत रास्पबेरीची फळे घालून ती पुन्हा आंबवली म्हणजे जे पेय हाती येते त्यास ‘फ्रांब्वाझ’ म्हणतात. त्याचा रंग डाळिंबाच्या रसासारखा, गंध प्रथम फळाचा व मागाहून ओलसर तळघराचा, आणि चव मात्र स्वच्छ, कोरडी व कडक आंबट असते. ज्याने हे पेय गोड असेल अशा अपेक्षेने चाखले त्याची फसगत होते. कारण फळातील साखर तोवर किण्वनात जवळजवळ संपलेली असते आणि उरतो तो फळाचा गंध व आम्ल. नाशिकच्या द्राक्षपट्ट्यातील माणसाने ते प्रथम घोटले तर त्याला बिअरपेक्षा कोकमाची, किंवा शिळ्या आंबिलीची आठवण होण्याचा संभव अधिक. ही आठवण हसण्यावारी नेण्याजोगी नाही. धान्याचे पेय हवेतील व भांड्यातील सूक्ष्म जीवांच्या स्वाधीन करून त्याला आंबट होऊ देणे, ही क्रिया झेनच्या खोऱ्यात जशी होती तशीच ती गोदावरीच्या खोऱ्यातही होती. एका ठिकाणी तिच्यातून नामांकित मद्य निपजले आणि दुसऱ्या ठिकाणी ते निपजले नाही, याचे कारण हवामानात किंवा लोकांच्या रुचीत शोधण्याचा प्रघात आहे. ते अबकारीच्या दप्तरात अधिक सापडेल.

लँबिकची कृती थोडक्यात अशी. सुमारे दोन भाग जवाचे माल्ट व एक भाग कच्चा गहू यांचा काढा करून तो वर्ष-दोन वर्षे जुन्या झालेल्या हॉपच्या फुलांसह बराच वेळ उकळतात. जुनी फुले घेण्याचा हेतू कडवटपणा नसून टिकाऊपणा हा होय. नंतर हिवाळी रात्री हा रस उथळ, उघड्या हौदात थंड होऊ देतात. बाहेरचे विरजण त्यात घातले जात नाही. हवेतून, छपरातून व पुढे लाकडी पिंपांतून जे जीव येतील त्यांच्यावर सर्व हवाला असतो. त्यांत ब्रेटॅनोमायसिस ब्रुसेलेन्सिस हे यीस्ट व दुग्धाम्ल निर्माण करणारे जीवाणू प्रमुख. पिंपातील वास एक ते तीन वर्षांचा. फळाची बिअर करावयाची तर लिटरमागे सुमारे २०० ग्रॅम किंवा त्याहून अधिक फळ घालतात.

आता या कृतीतील एक विलक्षण गोष्ट पाहावी. १८२२ मध्ये, बेल्जियम अद्याप नेदरलँड्सच्या राज्यात असता, तेथील सरकारने बिअरवरील कर धान्याच्या वजनावर किंवा तयार मालावर न बसवता धान्य भिजवण्याच्या हौदाच्या घनफळावर बसवला. मग हौदात काठोकाठ धान्य भरणे, पाण्यास जागा कमी ठेवणे आणि दुधाळ, पिठूळ रस मधूनमधून उपसून निराळा उकळणे हा काटकसरीचा मार्ग ठरला. पिष्ट पूर्णपणे न फुटलेला असा रस साध्या यीस्टला पचत नाही. परंतु वर्षानुवर्षे सावकाश काम करणाऱ्या ब्रेटॅनोमायसिसला तो दीर्घकाळ पुरणारा शिधाच होय. १८८५ च्या सुधारणेने वजनावर कर देण्याची मुभा मिळाली, तरी लँबिक करणाऱ्यांनी जुनी रीत सोडली नाही. ती रीत केवळ कराने निर्माण केली असे म्हणणे अतिव्याप्तीचे होईल. कराने तिला आधार दिला एवढे म्हणता येते. करपद्धतीची अशी छाया जिभेपर्यंत पोहोचलेली क्वचितच इतकी स्पष्ट दिसते.

भारतीय बाजूस सर्वांत जुना तपशीलवार पुरावा कौटिल्याच्या अर्थशास्त्रातील सुराध्यक्षाच्या प्रकरणाचा. तेथे मेदक, प्रसन्ना, आसव, अरिष्ट, मैरेय व मधु असे भेद सांगितले आहेत. मधु म्हणजे द्राक्षरसाचे मद्य, आणि त्याची नावे प्रदेशांवरून पडलेली. म्हणजे पेयास भूमीचे नाव देण्याची कल्पना येथे अपरिचित नव्हती. आसवाच्या कृतीत कवठ शंभर पले, काकवीसारखे फाणित त्याच्या पाचपट व थोडा मध सांगितला आहे. कवठासारखे आंबटगोड फळ मद्याच्या पायाशी घेणे ही फळाच्या बिअरशी जवळचे नाते सांगणारी गोष्ट होय. आंबवणाला कौटिल्य ‘किण्व’ म्हणतो. आजचा ‘किण्वन’ हा शब्द त्याच कुळातला. याहून महत्त्वाची आहे ती सवलत. गृहस्थांना घरच्या कार्यासाठी सुरा आणि औषधासाठी अरिष्ट करण्याची मोकळीक होती व उत्सव-यात्रांच्या वेळी चार दिवसांची परवानगी मिळे. राज्य कर घेत होते, पण घरचे मडके त्याने फोडले नव्हते.

हे मडके वैद्यकात टिकले. शार्ङ्गधरसंहितेत, जेथे प्रमाण सांगितले नसेल तेथे द्रोणभर द्रवाला तुलाभर गूळ, त्याच्या निम्मा मध व दशमांश प्रक्षेप असा सर्वसाधारण नियम दिला आहे. तूप चोळलेल्या मडक्यात हे मिश्रण भरून, तोंड लिंपून, ते धान्याच्या राशीत किंवा जमिनीत पुरून ठेवीत. त्यात सह्याद्रीच्या उतारांवर सर्वत्र आढळणाऱ्या धायटीची तांबडी फुले घालीत. त्या फुलांत तुरटपणा असतो व त्यांच्यावर यीस्टही आढळले आहे. द्राक्षासव हे या परंपरेचे सर्वांत परिचित अपत्य.

इंग्रजी अमलात चित्र पालटले. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने खेडोपाडीच्या भट्ट्या मोडून गाळप मध्यवर्ती भट्टीत आणण्याचे धोरण निश्चित केले. चार्ल्स प्रिचर्ड हा त्याचा कर्ता. ताडी-शिंदीच्या बाबतीत कर प्रत्येक छेदलेल्या झाडावर बसला. १८९२ च्या मोह कायद्याने ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत मोहाची फुले बाळगणेच निर्बंधाखाली आणले. येथे बेल्जियमशी असलेला भेद ध्यानात येतो. तेथे कर हौदावर होता, म्हणून हौद वापरणाराचे कौशल्य वाढले. येथे कर झाडावर व बंदी फुलावर आली, म्हणून कौशल्य असणाराच गुन्हेगार ठरला. शिवाय मध्यवर्ती भट्टीस गाळलेली, मोजता येणारी, दूरवर नेता येणारी दारू हवी होती. जे पेय घरात आंबते, रोज निराळे लागते आणि दोन दिवसांत उतरते, ते कोणत्याही नोंदवहीत बसत नाही. नाचणीची किंवा ज्वारीची आंबील मात्र वाचली. तीत नशा जवळजवळ नसल्याने तिच्याकडे अबकारीचे लक्षच गेले नाही.

अशा स्थितीत ओझरचे द्राक्ष पुढे आले. नाशिक परिसरात वेल पूर्वीपासून होते. पण बाणगंगेच्या काठच्या या गावी १९२५ मध्ये रावसाहेब जयराम कृष्ण गायकवाड यांनी केलेल्या लागवडीपासून खाण्याच्या द्राक्षांच्या व्यापारी बागाइतीचा आरंभ मानला जातो. निफाड तालुक्याने हा धडा उचलला. ‘खाण्याच्या’ हा शब्द येथे कळीचा आहे. या द्राक्षाचे मोल गोडीत. आंबट राहिलेला घड म्हणजे बागाइतदाराचे नुकसान. कोल्ह्याच्या म्हणीनेही आंबट द्राक्षाला कधी चांगले म्हटलेले नाही! मद्याच्या द्राक्षाची कसोटी निराळी : त्यात साखरेइतकेच आम्ल जपावे लागते आणि नाशिकच्या उन्हात घड पिकू लागला की आम्ल झपाट्याने उतरते. ओझर-पिंपळगावच्या बागाइतदारांचे तीन पिढ्यांचे कौशल्य नेमके उलट्या दिशेने तयार झाले होते.

त्यात १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आला. द्राक्षाचे मद्य करण्याचा प्रश्नच मिटला. मात्र आसवांचे काय, हा प्रश्न न्यायालयात गेला. १९५१ च्या बलसारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मद्यार्कयुक्त औषधे व प्रसाधने यांना लागू होणाऱ्या तरतुदी अवैध ठरवल्या, आणि पुढील वर्षी मादक पेय म्हणून वापरण्यास अयोग्य अशा औषधांना कायद्यातून वगळणारे कलम घालण्यात आले. १९५५ च्या केंद्रीय कायद्याने औषधांवरील उत्पादन शुल्काची व्यवस्था लावताना, ज्यांत मद्यार्क ‘आपोआप उत्पन्न होतो’ आणि जी पेय म्हणून घेता येत नाहीत, अशा आयुर्वेदीय औषधांचा निराळा वर्ग केला. झेनच्या खोऱ्यात ज्याला वैभव मानतात त्या स्वयंभू किण्वनाची भारतीय विधिग्रंथातील ही दुर्मिळ दखल; आणि ती सुद्धा पेय नसण्याच्या अटीवर.

दारूबंदी १९६० नंतरच्या दशकात सैल झाली. तथापि निफाडच्या द्राक्षाला मद्याची वाट खऱ्या अर्थाने मोकळी केली ती २००१ च्या राज्याच्या द्राक्ष प्रक्रिया धोरणाने. या धोरणात अबकारीची मोठी सूट मिळाली व निफाड तालुक्यातील विंचूर येथे द्राक्षमद्याचे औद्योगिक क्षेत्र उभे राहिले. २००५ मध्ये नाशिकजवळ सुला या कंपनीने चाखण्याचे दालन उघडले आणि प्याला तिरपा धरणे, हुंगणे, घोट तोंडात फिरवणे हे विधी जिल्ह्यास परिचित झाले. परंतु तेथे शिकवली जाणारी आंबटपणाची परिभाषा फ्रान्स-कॅलिफोर्नियाकडची आहे. कवठ, करवंद किंवा धायटी यांना तीत स्थान नाही. महाबळेश्वरास रास्पबेरी पिकते, तीही सरबत व मुरंबा यांतच संपते. फ्रांब्वाझसारखे काही येथे का होत नाही, असा प्रश्न या दालनात क्वचित कोणी विचारील, आणि त्याला ‘लोकांना आवडणार नाही’ हे उत्तर मिळेल. ते उत्तर अपुरे आहे. आंबील पिणाऱ्या व पानात आमसुलाचे सार घेणाऱ्या समाजाला आंबट रस नवा नाही. त्याला नवे आहे ते आंबट मद्य उजळ माथ्याने चाखणे.

२०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मोहाची फुले व काजूची बोंडे यांच्या मद्याला देशी मद्याच्या वर्गातून काढून विदेशी मद्याच्या वर्गात घालण्याचा निर्णय केला. उत्पादकांच्या सोयीसाठी घेतलेला हा निर्णय व्यवहाराच्या दृष्टीने समजण्याजोगा आहे, पण सातपुड्यातल्या फुलाला विदेशी व्हावे लागले हे वर्गीकरणाच्या इतिहासात नोंदण्यासारखे खरे. द्राक्षासवाची बाटली मात्र जुन्याच जागी आहे : औषधाच्या दुकानात, खोकल्याच्या काढ्याशेजारी, जेवणानंतर तितक्याच पाण्यातून घेण्यासाठी, आणि तीत आपोआप उत्पन्न झालेला मद्यार्क आहे, असे तिच्या वेष्टनावर बारीक अक्षरांत छापलेले असते.