तिसऱ्या पात्याची कुळकथा

फ्रेडरिक हेन्रिक चॅपमन या स्वीडिश जहाजबांधणी तज्ज्ञाने १७६८ मध्ये जहाजांच्या आराखड्यांचा एक भला मोठा चित्रसंग्रह छापला. त्यात युद्धनौका आहेत, व्यापारी गलबतं आहेत, लहानसहान होड्या आहेत, आणि या सगळ्या ताफ्यात हॉलंडची एक नाव अशी आहे की तिला वाहत्या पाण्याची गरजच नाही. नाव नेहमीचीच, शीडही नेहमीचंच. फक्त पोटाखालून एक जाड फळी आडवी घातलेली, फळीच्या दोन्ही टोकांना एकेक लोखंडी पातं आणि मागे सुकाणूच्या जागी तिसरं पातं. आज गोठलेल्या तळ्यांवर शर्यती करणाऱ्या आइसबोटींचं कूळ शोधत गेलं की आपण या नावेपाशी येऊन पोहोचतो.

डच माणसाने ही युक्ती हौसेपोटी केली नव्हती. त्याचा सगळा व्यवहार कालव्यांतून चाले. हिवाळ्यात कालवे गोठले की माल अडकायचा, माणसं अडकायची. दुसरं वाहन कुठून आणायचं? मग आहे त्याच नावेला पाती लावायची आणि बर्फ वितळला की काढून ठेवायची. वाऱ्याकडून जमिनीवर काम करून घ्यायची कल्पनाही त्या देशाला नवी नव्हती. सायमन स्टेव्हिन या गणितज्ञाने १६०० च्या सुमारास राजपुत्र मॉरिससाठी शिडाची गाडी केली होती, आणि ती शेव्हनिंगनच्या किनाऱ्यावर वाळूतून धावली होती.

अमेरिकेत हडसन नदीचं खोरं ही मुळात डच वसाहत. तिथल्या पकिप्सी गावात १७९० मध्ये ऑलिव्हर बूथ नावाच्या माणसाने बर्फावर शिडाची गाडी चालवल्याची नोंद सापडते. नाव कसली, एक चौकोनी खोकंच ते. पुढची दोन पाती खोक्याला खिळ्यांनी ठोकलेली आणि तिसरं मागे, दांडीने वळवता येईल असं. तिसरं पातं मागे असायचं याबद्दल कुणाच्या मनात शंका नव्हती. नावेचं सुकाणू मागे असतं, म्हणून याचंही मागे. सवयीने ठरलेली ही जागा पुढे जवळजवळ दीडशे वर्षं टिकली.

त्या दीडशे वर्षांत खोक्याचं वैभव झालं. पकिप्सीत १८६० च्या दशकात आइसबोटींचा क्लब निघाला, आणि १८८५ मध्ये हडसन रिव्हर आइस यॉट क्लब. त्याचे पहिले प्रमुख जॉन रूझवेल्ट, म्हणजे पुढे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झालेल्या फ्रँकलिन रूझवेल्ट यांचे काका. त्यांची ‘आयसिकल’ सुमारे ६९ फूट लांब होती आणि तिच्या शिडांचं क्षेत्रफळ हजार चौरस फुटांच्या वर होतं. रेल्वेचे रूळ नदीच्या काठाकाठाने जात. १८७१ मध्ये ‘आयसिकल’ने शिकागो एक्स्प्रेसशी शर्यत लावली आणि गाडीला मागे टाकलं. वाफेच्या इंजिनापुढे माणसं थक्क होऊन उभी राहत, त्या काळात लाकूड, कापड आणि वारा एवढ्यावर एक नाव त्याच्या पुढे निघून गेली. मला या कुळातला हा सगळ्यात अभिमानाचा प्रसंग वाटतो.

हे जमतं कसं? मोटरसायकलवर बसलं की वारा पडलेला असतानाही तोंडावर वारा येतो, तो आपल्या वेगाचा. आइसबोट वाऱ्याला आडवी धावते तेव्हा खरा वारा बाजूने येतो आणि तिच्या वेगाचा वारा समोरून. शिडाला जाणवतो तो दोन्ही मिळून झालेला वारा, आणि तो खऱ्या वाऱ्याहून जोरदार असतो. पाण्यातल्या नावेलाही हा फायदा मिळतो, पण वेग वाढला की पाणी तिला मागे ओढतं. बर्फावर पोलादी पात्याला अडवणारं जवळजवळ काहीच नसतं. नाव आणखी वेग घेते, त्याने शिडावरचा वारा वाढतो, त्याने वेग पुन्हा वाढतो. चांगल्या बर्फावर नाव वाऱ्याच्या तिप्पट-चौपट वेगाने सहज जाते. ताशी पंचवीस किलोमीटरच्या वाऱ्यात ताशी ऐंशी! मात्र वारा पाठीवर घेऊन सरळ जायचं म्हटलं तर वाऱ्याहून पुढे जाता येत नाही. म्हणून वाऱ्याच्या दिशेने जातानाही नाव नागमोडी जाते आणि शीड कायम आवळून धरलेलं असतं.

या वेगानेच मागच्या पात्याचा दोष उघडा पाडला. शिडावरचा रेटा बर्फापासून बराच उंचावर असतो, त्यामुळे झोत आला की नाव पुढच्या बाजूला दबते आणि मागची बाजू हलकी होते. जेव्हा पकड सर्वांत जास्त हवी, नेमक्या त्याच क्षणी मागचं पातं बर्फावरून उचललं जातं. मग सुकाणू नुसतं नावाला उरतं. नाव स्वतःभोवती गरकन फिरते आणि मागच्या उथळ खोबणीत आडवा पडून दांडी धरलेला माणूस बाहेर फेकला जातो. पिढ्यान् पिढ्या लोकांनी हे सोसलं. नाव लांब करून पाहिली, वजन मागे सरकवून पाहिलं, पण सुकाणूची जागा काही बदलली नाही.

ती बदलली १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला, विस्कॉन्सिनमध्ये. मिलवॉकीचे स्टार्क मायर आणि लेक जिनिव्हाकडचे वॉल्टर बोव्हे यांनी नावेचा विचार उलट बाजूने केला. आडवी फळी मागे नेली आणि वळणारं पातं पुढच्या टोकाला आणलं. आता झोत आला की तोच रेटा पुढचं पातं बर्फात आणखी घट्ट दाबतो, म्हणजे वेग वाढेल तसं सुकाणू पक्कं होत जातं. इतकी साधी गोष्ट सुचायला इतका काळ लागला, कारण सगळे जण आइसबोटीकडे पाण्यातली नाव म्हणूनच पाहत होते.

पुढची पायरी मला त्याहूनही मोलाची वाटते. १९३६-३७ च्या हिवाळ्यात ‘डेट्रॉइट न्यूज’ या वर्तमानपत्राने चालवलेल्या हौशी कारागिरांच्या कार्यशाळेत आर्ची अॅरोल, जो लॉज आणि नॉर्मन जॅरेट यांनी एक लहान नाव बेतली. बारा फुटांचा सांगाडा, आठ फुटांची फळी, सोळा फुटांची डोलकाठी, साठ चौरस फुटांचं शीड. सुकाणूचं पातं अर्थातच पुढे. मंदीचा काळ होता, आणि सुतारकामाची हत्यारं हाताशी असलेल्या कुणालाही ती घरी बांधता यावी हा हेतू होता. वर्तमानपत्राच्या नावाची आद्याक्षरं तिला चिकटली ती कायमची. आज ‘डीएन’ हा आइसबोटींचा जगातला सर्वांत मोठा वर्ग आहे. पोलंड, एस्टोनिया, स्वीडन, जर्मनी इथले खलाशी अमेरिकनांच्या तोडीस तोड आहेत, आणि विश्वविजेतेपदाची स्पर्धा आलटून पालटून दोन्ही खंडांत भरते. शर्यत सुरू होते ती पायांवर. झेंडा पडला की खलाशी खिळ्यांचे बूट घालून नाव ढकलत जिवाच्या आकांताने पळतात, आणि नावेने वारा पकडला की तिच्यात उडी टाकून आडवे होतात.

‘आयसिकल’ नदीच्या मर्जीवर होती, कारण तिला उचलून कुठे नेणार? डीएन मोटारीच्या टपावर बांधता येते. त्यामुळे स्पर्धेची तारीख आधी ठरते आणि तळं शेवटच्या काही दिवसांत. आधी गेलेली माणसं बर्फाला भोकं पाडून जाडी मोजतात, बाकीच्यांना कळवतात, आणि सगळे शेकडो किलोमीटर गाडी हाकत तिकडे जमतात. हंगामाच्या शेवटी, मार्चमध्ये, ही मंडळी उत्तरेकडे सरकत राहतात.

उशिराचा बर्फ वेगळाच असतो. हिवाळाभर साचलेलं हिम उन्हाने वितळून रात्रीच्या थंडीत पुन्हा गोठला की वर एक कडक, सलग थर मिळतो, आणि अनेक जण तो वर्षातला सर्वोत्तम बर्फ मानतात. पण त्याच उन्हाने आतून बर्फाच्या उभ्या स्फटिकांमधले सांधे सुटत जातात. असा बर्फ फूटभर जाड दिसतो, आणि टोचा मारला की बोटभर जाडीच्या उभ्या कांड्यांचा झुपका होऊन विखुरतो. म्हणजे मार्चमध्ये नुसत्या जाडीवर विसंबता येत नाही. सकाळी सात वाजता गाडीचं वजन पेलणारा बर्फ दुपारी एकला माणसाचंही पेलेलच असं नाही. म्हणून शर्यती सकाळी लवकर सुरू करून ऊन चढायच्या आत आटोपतात, आणि मऊ बर्फासाठी लांब पाती लावतात. प्रत्येकाच्या गळ्यात दोन टोकदार टोचे लटकत असतात; पाण्यात पडलाच तर ते बर्फात रोवून स्वतःला वर ओढायचं. काठ तर सगळ्यात आधी सुटतो, कारण तिथली जमीन लवकर तापते. मधलं तळं पक्कं आणि काठाशी दोन हात पाणी, अशा वेळी बर्फावर पोहोचायला लांब फळ्या टाकतात. परततानाही त्याच फळ्यांवरून नाव उचलून न्यायची असते, आणि तोवर ती फट रुंदावलेली असू शकते. म्हणून जाणते लोक लागतील त्याहून लांब फळ्या आणतात.

हडसनवर २०१४ च्या मार्चमध्ये पुन्हा भक्कम बर्फ धरला तेव्हा बॅरीटाउनजवळ जुन्या लाकडी नावा बाहेर काढल्या गेल्या. ‘जॅक फ्रॉस्ट’ होती, न्यू जर्सीहून आलेली ‘रॉकेट’ होती. दोघींचंही सुकाणू अजून मागेच आहे.