लॅपटॉपची ओळखपरेड : खैराट ते डेबियन १२

१/ २००७ साली रायगड जिल्ह्यातील खैराट येथील लहानशा शाळेत हिरव्या-पांढऱ्या रंगाचे लॅपटॉप आले. 'वन लॅपटॉप पर चाइल्ड' या जागतिक उपक्रमाचा हा भारतातील प्रारंभीचा प्रयोग. फेडोरावर आधारित लिनक्स त्यात आधीच बसवलेले होते. सारी यंत्रे एकाच साच्याची, आणि प्रणाली त्यांच्यासाठीच जुळवलेली. त्यामुळे हार्डवेअर ओळखण्याचा प्रश्नच उद्भवत नव्हता.

२/ बाजारातल्या लॅपटॉपवर लिनक्स चढवणाऱ्यांच्या नशिबी हे सुख नव्हते. १९९० च्या दशकाच्या पूर्वार्धात साउंड कार्डाचा पत्ता आणि इंटरप्ट क्रमांक माणसालाच सांगावा लागे. आकडा चुकला की यंत्र मुके राही, क्वचित गोठूनही जाई.

३/ १९९२ मध्ये इंटेलने पीसीआय ही रचना मांडली. तिच्यात प्रत्येक भाग स्वतःची ओळख सांगू लागला : एक क्रमांक उत्पादकाचा, दुसरा उपकरणाचा. इंटेलने स्वतःसाठी घेतलेला क्रमांक ८०८६, म्हणजे १९७८ च्या आपल्या गाजलेल्या प्रोसेसरचेच नाव!

४/ या क्रमांकांच्या आधारे जर्मनीच्या क्लाउस क्नॉपर यांनी २००० साली 'क्नॉपिक्स' लोकांपुढे आणले. सीडी घाला, यंत्र सुरू करा. हार्डवेअर आपोआप ओळखले जाई. पुढे 'युडेव्ह'ने हे काम लिनक्सच्या नित्य व्यवहारात आणले : कर्नलला क्रमांक दिसला की त्यावर हक्क सांगणारा ड्रायव्हर बोलावला जातो.

५/ परंतु नाव कळणे म्हणजे भाषा कळणे नव्हे. चिपशी कसे बोलावे, याची कागदपत्रे अनेक उत्पादक गुप्त ठेवत. शिवाय कित्येक वायफाय चिपना सुरू होताना फर्मवेअर नावाची बंदिस्त फाइल भरवावी लागे.

६/ खैराटचे यंत्रही यातून सुटले नाही. त्यातील मार्व्हेलची वायरलेस चिप मुख्य प्रोसेसर झोपलेला असतानाही शेजारच्या लॅपटॉपचे संदेश पुढे पाठवू शके. मात्र तिचे फर्मवेअर बंदिस्त होते. ओपनबीएसडीचे थिओ डी राट यांनी २००६ मध्येच यावर कडाडून टीका केली. मुक्ततेच्या ध्येयाने घडवलेल्या लॅपटॉपच्या पोटातही एक कुलूप उरलेच.

७/ हाच पेच डेबियनपुढे दीर्घकाळ होता. तत्त्वाला जागून अधिकृत इन्स्टॉलरमधून बंदिस्त फर्मवेअर वगळले जाई. परिणामी वायफाय चालवणारी फाइल इंटरनेटवर, आणि इंटरनेटवर जायला वायफाय हवे! लॅनची सोय नसलेल्याचे काम तिथेच अडे. अखेर २०२२ मध्ये स्वयंसेवकांनी मतदानाने नियम बदलला. जून २०२३ च्या डेबियन १२ पासून हे फर्मवेअर इन्स्टॉलरमध्येच येऊ लागले.

८/ तरीही कोरा करकरीत लॅपटॉप आजही अडखळतो, तो बहुधा काळाच्या अंतरामुळे. चिप आपला क्रमांक अचूक सांगते. पण इन्स्टॉलरमधील कर्नल तिच्या जन्माआधीचा असेल, तर त्याच्या यादीत तो क्रमांक नसतो. म्हणून नव्या यंत्राला नवा कर्नल लागतो.

९/ तीन दशकांत यंत्र स्वतःचे नाव सांगायला शिकले. त्याची भाषा किती जणांना शिकू द्यायची, हे मात्र अजूनही उत्पादकच ठरवतो. हार्डवेअर ओळखण्याचा हा सारा इतिहास तंत्राइतकाच त्या मक्तेदारीचाही आहे.